सखूचं काम करणारी बाई

आमच्या बचत गटातली एकजण मध्यंतरी शूटिंगला जाऊन आली. नितीन देसाईंनी २००५ साली चौकजवळ एन. डी. स्टुडिओ उभारला, तेव्हापासून कर्जत-खालापूरकडच्या माणसांना सिनेमा काही लांबचा राहिलेला नाही. गर्दीच्या सीनसाठी बायका हव्या होत्या, म्हणून ही गेली. दिवसभर उन्हात नऊवारी नेसून उभी राहिली आणि संध्याकाळी तोंड पाडून घरी आली. ज्या हिरोचे सिनेमे ती मुलांचा अभ्यास बाजूला सारून बघायची, त्याने चहा देणाऱ्या पोराला सगळ्यांदेखत आईबहिणीवरून शिव्या घातल्या होत्या. पुढच्या बैठकीत तिने जाहीर करून टाकलं, की आता याचा एकही सिनेमा बघायचा नाही.

मग काय, हप्त्याचे पैसे मोजायचे राहिले बाजूला. कोणी म्हणालं, त्याचं काम बघावं, स्वभावाशी आपल्याला काय करायचंय? आपल्याला काय त्याच्या घरी मुलगी द्यायचीय? कोणी संजय दत्तचं उदाहरण काढलं. बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल शिक्षा भोगून तो २०१६ साली येरवड्यातून बाहेर आला, तरी 'मुन्नाभाई' लागला की आपण हसतोच ना! तेही खरंच. पण पुरुषांबद्दल इतकी चर्चा करणाऱ्या आमच्या मंडळींपैकी एकीने शेवटी सहज एक वाक्य टाकलं, की नट्यांचं तर काही विचारूच नका, त्या सगळ्या तसल्याच. आणि त्यावर कोणीच वाद घातला नाही. मीही नाही. घरी येताना मात्र ते मनात टोचत राहिलं, आणि मला माझ्या सासूबाई आठवल्या. सासूबाई आणि हंसा वाडकर.

सासूबाईंची आषाढी एकादशी कडक. एका वर्षी नणंदेने त्यांच्यासाठी 'संत सखू'ची सीडी आणली. 'प्रभात'चा हा १९४१ सालचा चित्रपट. कऱ्हाडच्या सखूचा सासरी छळ होतो, तिला खांबाला बांधून घालतात, विठ्ठल तिचं रूप घेऊन तिच्या जागी उभा राहतो आणि सखू पंढरीला जाते, ही गोष्ट आपल्याला लहानपणापासून पाठ. सासूबाईंनी सिनेमा अर्धा हात जोडूनच पाहिला. मी नेमकं त्याच सुमारास वाचनालयातून 'सांगत्ये ऐका' आणलं होतं. मी आपलं कौतुकाने सांगायला गेले, की आई, ही सखू म्हणजे हंसा वाडकर, तिचं हे पुस्तक. त्यांनी ते नाव ऐकलेलं होतं. दारू पिणारी, नवरा सोडून पळून गेलेली बाई, एवढंच ऐकलेलं होतं. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. पुढच्या एकादशीला सीडी लावली तर उठून स्वयंपाकघरात गेल्या, आणि आधीच भाजून झालेले शेंगदाणे निवडत बसल्या.

आता ही हंसा वाडकर कोण, हे तरुण मुलींना सांगावंच लागेल. तिचं खरं नाव रतन साळगावकर. जन्म १९२३ सालचा, मुंबईचा. घराण्यात कलावंतिणींची परंपरा. घरात पैशाची ओढाताण, म्हणून शाळेच्या वयात तिला सिनेमात घातलं. इंदिरा वाडकर ही आत्या आधीच सिनेमात होती, तिचं आडनाव घेतलं आणि रतनची झाली हंसा. मामा वरेरकरांच्या 'विजयाची लग्ने' या १९३६ सालच्या चित्रपटात ती पहिल्यांदा दिसली, तेव्हा तेरा वर्षांची होती. आपल्या मुली त्या वयात सातवी-आठवीत असतात. आपण त्यांना एकटीला लोकलने कल्याणला पाठवत नाही.

लग्नही फार लवकर झालं. जगन्नाथ बंदरकर हे वयाने बरेच मोठे, घरी येणंजाणं असलेले गृहस्थ. हंसाबाईंची इच्छा अगदी साधी होती. लग्न झालं, आता सिनेमा बंद, आपला संसार करायचा. ती काही पुरी झाली नाही. आधी माहेर तिच्या पैशावर चालत होतं, मग सासरही चालू लागलं. कंत्राटं नवरा ठरवणार, पैसे नवरा घेणार, आणि वर संशयही नवराच घेणार! मूल हवं होतं, पण राहिलेले दिवस टिकू दिले नाहीत, असं हंसाबाईंनी पुस्तकात सांगितलं आहे. पुढे एक मुलगी झाली. हे सगळं चालू असताना बाई मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये 'नवजीवन'ची नायिका झाली, आणि पुण्याला 'प्रभात'मध्ये सखू झाली. सखूचे ते डोळे पाहताना मला आता नेहमी वाटतं, की दिग्दर्शकांना तिला फारसं काही शिकवावं लागलं नसेल.

मग आला १९४७ सालचा 'लोकशाहीर रामजोशी'. राजकमलचा चित्रपट, दिग्दर्शन बाबूराव पेंटरांचं, संगीत वसंत देसाईंचं, लेखन गदिमांचं. रामजोशी झाले जयराम शिलेदार आणि तमाशातली बया हंसाबाई. मराठीत पुढे तमाशापटांची जी लाट आली, तिची सुरुवात इथून मानतात. 'पुढचं पाऊल'मध्ये १९५० साली पु. ल. देशपांड्यांबरोबर काम केलं. १९५९ साली अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' आला, तो पुण्याच्या विजयानंदमध्ये दोन वर्षांहून जास्त काळ चालला. पुढे गाजलेली जयश्री गडकर त्यात होती. आमच्या आईच्या वयाच्या बायका त्या सिनेमाची गोष्ट अजून सांगतात.

ही झाली पडद्यावरची बाजू. दुसरी बाजू हंसाबाईंनी स्वतःच सांगितली आहे. अरुण साधूंनी शब्दांकन केलं, श्री. ग. माजगावकरांच्या 'माणूस'मध्ये ते छापून आलं, आणि १९७० साली राजहंसने पुस्तक काढलं. पुस्तकालाही त्या सिनेमाचंच नाव दिलं. त्यात दारू आहे, परपुरुष आहेत, काही झाकलेलं नाही. एका रात्री भांडण करून त्या एका माणसाबरोबर निघून गेल्या, आणि मराठवाड्यातल्या एका खेडेगावात जाऊन पोहोचल्या. तिथे त्या माणसाचा संसार आधीच होता. सिनेमातली नायिका त्या घरात पदर डोक्यावर घेऊन राबत राहिली, आणि बाहेर पडायची परवानगी नव्हती. शेवटी नवऱ्यालाच निरोप पाठवून सुटका करून घ्यावी लागली. त्या सुटकेसाठी ज्या मॅजिस्ट्रेटसमोर जावं लागलं, त्यानेही अत्याचार केला, असं पुस्तकात आहे. हे वाचून मी पुस्तक मिटलं होतं. दोन दिवस हात लावला नाही.

आता मनापासून सांगते. मला हंसाबाईंचं सगळं पटत नाही. मुलगी मागे ठेवून ती रात्रीची निघून गेली, हे माझ्यातल्या आईला आजही गिळवत नाही. दारूने घरं कशी बसतात, हे मी वाडीवस्तीवर फिरताना रोज बघते, बाई पीत असली म्हणून त्याचं कौतुक मी करणार नाही. पण आमच्या बैठकीतला तो हिरो आणि हंसाबाई एका तराजूत कशा घालायच्या? त्याने ज्याला शिव्या दिल्या, त्या पोराला उलट बोलायची सोय नव्हती. हंसाबाईंच्या वागण्याचे चटके बसले ते जास्त करून त्यांच्या स्वतःच्याच अंगाला, आणि त्या लेकीला. आपण मात्र पहिल्याला वागणूक म्हणतो आणि दुसरीला चालचलणूक. माझ्या मते सिनेमा न बघण्याचं कारण असलंच, तर ते पहिल्याच्या बाबतीत आहे. तरी त्याचा सिनेमा माझ्या नवऱ्याने लावला तर मी उठून जाईन का, हे मला छातीठोक सांगता येणार नाही.

पुस्तक आल्यावर वर्षभरात, १९७१ साली हंसाबाई गेल्या. अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या. श्याम बेनेगलांनी त्यांच्या आयुष्यावर 'भूमिका' काढला तो १९७७ सालचा, म्हणजे तो काही त्यांनी पाहिला नाही. त्यातल्या कामासाठी स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आपण सगळ्यांनी तिचं कौतुक केलं, आणि ते योग्यच होतं. पण ज्या बाईची भूमिका करून तो मिळाला, तिचं नाव घेताना आपण आवाज खाली आणतो.

सासूबाईंचं सांगायचं राहिलं. शेंगदाण्यांच्या त्या एकादशीनंतर कधीतरी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. टीव्ही बंद, पोथी बंद. मग दुपारी मी काहीतरी वाचून दाखवायचे. एक दिवस त्यांनीच ते नटीचं पुस्तक मागितलं. वेळ जावा म्हणून, असं दोनदा सांगितलं. मी वाचनालयातून परत आणलं आणि वाचायला लागले. लग्नानंतर संसार करायचा होता आणि करू दिला नाही, तिथे त्यांनी मला थांबवलं. डोळ्यांवर हिरवी पट्टी, त्यामुळे चेहरा कळेना. थोड्या वेळाने त्यांच्या लग्नात त्या किती वर्षांच्या होत्या, ते सांगितलं. चौदा. मला इतकी वर्षं ते माहीत नव्हतं. मग हाताने पुढे वाच अशी खूण केली.

मुलीला सोडून जाण्याचं प्रकरण आलं तेव्हा मात्र त्या चिडल्या. चांगल्याच चिडल्या. दुसऱ्या दिवशी पुस्तक नको म्हणाल्या, तिसऱ्या दिवशी परत मागितलं.

पुढच्या आषाढीला मी सीडी काढली नव्हती. त्यांनीच नातवाला लावायला सांगितली आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या. या वेळी हात जोडले नाहीत. सखूला खांबाला बांधतात त्या प्रसंगाला पदर डोळ्यांना लावला, आणि पडद्यावरच्या सासूला उद्देशून एक सणसणीत शब्द उच्चारला, जो उपासाच्या दिवशी त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.