जोसेफ एझिकेल राजपूरकर

आजच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर बेने इस्राएल लोकांची यहूदी कुटुंबे शतकानुशतके तेलाचे घाणे चालवीत. शब्बाथ पाळण्यासाठी शनिवारी ते घाणे बंद असत. म्हणून शेजारी त्यांस शनवार तेली म्हणत. सुंता व खाद्याखाद्याचे नियम त्यांनी निष्ठेने पाळले. परंतु हिब्रू भाषा विसरली. 'शेमा' या प्रार्थनेचे पहिले वचन तेवढे मुखी राहिले. शास्त्रात त्या वचनापाठोपाठच आज्ञा आहे की, ही वचने हृदयात ठेवावी व मुलांस शिकवावी. पण ज्याचा अर्थच कळत नाही ते हृदयात कसे ठेवावे?

या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी आयुष्यभराच्या श्रमाने दिले, त्या राजपूरकरांचा जन्म १८३४ साली मुंबईस झाला. त्यापूर्वी दोनच वर्षे डॉ. जॉन विल्सन यांनी बेने इस्राएलांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले होते. मिशनरी मंडळींची आशा धर्मांतराची होती. या समाजाने मात्र विद्या घेतली व आपलाच धर्म अधिक जाणून घेतला. विद्येचे हे फळ पाहून आम्हांस विषाद वाटत नाही.

राजपूरकर १८५६ साली मुंबईच्या डेव्हिड ससून यांच्या शाळेत साहाय्यक शिक्षक झाले. १८६१ साली ते मुख्याध्यापक झाले व सुमारे चाळीस वर्षे त्या पदावर राहिले. मुंबई विद्यापीठाने त्यांस हिब्रूचे परीक्षक नेमिले. अध्यापन सांभाळून त्यांनी यहूदी उपासनेची सुमारे वीस पुस्तके मराठीत आणिली. घरी ज्या भाषेत आई मुलास हाक मारी, त्याच भाषेत आता प्रायश्चित्ताच्या दिवसाची प्रार्थना कळू लागली. १९०५ साली त्यांचे देहावसान झाले.

अर्थ न जाणता आज्ञा पाळणाऱ्या पूर्वजांस आम्ही कमी लेखीत नाही. त्यांनी घाणे बंद ठेविले नसते, तर राजपूरकरांस भाषांतर करावयास श्रोतेच उरले नसते. आपल्या सोलापुरात मागावर बसलेला शिकाऊ मुलगा प्रथम सांगितल्याप्रमाणे हात चालवितो. नक्षीचे मर्म मागाहून उमगते. मात्र जो हात चालविण्यावरच थांबला, त्यास दुसऱ्याला शिकविता येत नाही. विद्यार्थिमित्रहो, आपल्या प्रार्थनेचा अर्थ कोणी विचारल्यास आपण काय सांगू? आम्हीही आज हाच प्रश्न स्वतःस विचारीत आहो.