निरोप पुढे पोचवणारा माणूस

मोठ्या बापाच्या मुलाला आडनाव आयते मिळते, पण स्वतःचे नाव कमवावे लागते. हायरम पर्सी मॅक्झिम यांचे वडील म्हणजे जगप्रसिद्ध मॅक्झिम मशीनगनचे जनक. पर्सी यांचा जन्म अमेरिकेत ब्रुकलिन येथे २ सप्टेंबर १८६९ रोजी झाला. ते बारा वर्षांचे होण्यापूर्वी किंवा त्या सुमारास, १८८१ मध्ये, वडील युरोपला गेले आणि पुढे लंडनचेच झाले. ती तोफ तिथेच जन्मली. मुलगा मागे राहिला आणि सतरावे वर्ष पूर्ण होण्याआधीच, १८८६ मध्ये, मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेतून यंत्रशास्त्राचा पदवीधर झाला.

पुढे त्यांनी पेट्रोलच्या इंजिनावर चालणारी तीनचाकी बनवली आणि हार्टफर्ड येथील पोप कंपनीत मोटारींचे काम केले. १९०९ मध्ये त्यांना बंदुकीचा आवाज कमी करणाऱ्या सायलेन्सरचे पेटंट मिळाले. बापाने गोळ्यांचा वर्षाव करणारी बंदूक काढली आणि मुलाने बंदुकीचा आवाज दाबला, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. तरीही मला मॅक्झिम थोर वाटतात ते या पेटंटमुळे नव्हे, तर ज्या कामातून त्यांना एक पैही मिळाली नाही त्या कामामुळे.

त्यांना बिनतारी संदेशांचा छंद होता. एप्रिल १९१४ मध्ये हार्टफर्डहून सुमारे ३० मैलांवरील स्प्रिंगफील्डला निरोप धाडण्याचा त्यांनी प्रयत्न केला. यंत्र एक किलोवॉटचे, पण निरोप काही पोचेना. तेव्हा अर्ध्या वाटेवर विंडसर लॉक्स येथे एक हौशी राहतो, हे त्यांना आठवले. त्याने निरोप घेतला आणि पुढे धाडला. दुसऱ्याने यानंतर जास्त ताकदीचे यंत्र विकत घेतले असते. मॅक्झिम यांनी मात्र माणसे जोडली. क्लॅरेन्स टस्का या तरुणाला सोबत घेऊन त्यांनी त्याच वर्षी अमेरिकन रेडिओ रिले लीग स्थापन केली. डिसेंबर १९१५ मध्ये ‘क्यूएसटी’ हे मासिक निघाले. १९१७ च्या आरंभी हौशींच्या या साखळीतून एक निरोप अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत गेला आणि दीड तासाच्या आत उत्तरही आले.

त्याच वर्षी अमेरिका महायुद्धात उतरली आणि सरकारने हौशी केंद्रे बंद केली. युद्ध संपल्यावरही बंदी लगेच उठली नाही. लीगने त्यासाठी झगडा केला आणि १९१९ मध्ये केंद्रे पुन्हा बोलू लागली. १९२३ मध्ये हौशींचा अटलांटिकपार दुतर्फा संपर्क झाला. १९२५ मध्ये पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली, तिचे पहिले अध्यक्ष मॅक्झिमच होते. १७ फेब्रुवारी १९३६ रोजी कोलोरॅडोतील ला हुंटा येथे त्यांचे निधन झाले. त्यांची डब्ल्यू१एडब्ल्यू ही खूण आज लीगच्या केंद्राची खूण आहे.

ही सारी जुनी गोष्ट झाली, असे कोणी म्हणेल. परंतु एका परवानाधारक परिचितांच्या लिनक्स संगणकावर ‘डीएक्सस्पायडर’ हा क्लस्टरचा प्रोग्रॅम बसवला जात असताना मी शेजारी होतो. दूरचे एखादे दुर्मीळ केंद्र ऐकू आले की हौशी त्याची वारंवारता क्लस्टरवर कळवतो आणि ती खबर एका नोडवरून दुसऱ्या नोडवर जात काही क्षणांत जगभर पसरते. मांडणीच्या फाइलमध्ये आधी आपली खूण, नाव, अक्षांश-रेखांश भरायचे. मग शेजारच्या नोडची नोंद करायची. तीही एकतर्फी चालत नाही, कारण त्यानेही आपल्याला नोड म्हणून नोंदवावे लागते. तोपर्यंत आपला संगणक एकटाच बसून राहतो. एकच खबर दोन वाटांनी आली तर दुसरी गाळली जाते, म्हणजे तीच ती खबर गरगर फिरत राहत नाही. शेजारी जोडला गेला आणि पडद्यावर ओळी धावू लागल्या, तेव्हा मला विंडसर लॉक्सचा तो हौशी आठवला.

वाणिज्य शाखेत आम्ही प्रत्येक व्यवहाराला नावे आणि जमा अशा दोन बाजू शिकतो. हौशी रेडिओला मोबदला घेऊन निरोप पोचवण्याची मुभा नाही, म्हणून या कामाची नोंद कोणत्याच खतावणीत बसत नाही. तरीही शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी सुरू झालेला हा व्यवहार आजही चालू आहे. त्याचे भांडवल एकच, आणि ते मॅक्झिम यांनी घातले: आपल्याला न पोचणारा निरोप शेजारी पोचवील, हा विश्वास.