धन्वंतरी व विद्यागुरू कै. डॉ. भाऊ दाजी लाड

ग्रामदैवताच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी ज्या थोर पुरुषांचे स्मरण करणे उचित ठरेल, त्यांत कै. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. मौजे पेठ व आसपासच्या गावांतून पोटासाठी मुंबईस गेलेल्या अनेक चाकरमान्यांनी भायखळ्याची राणीची बाग पाहिलेली असेल. त्या बागेच्या शेजारच्या वस्तुसंग्रहालयास ज्यांचे नाव आहे तेच हे भाऊ दाजी. परंतु ते कोण, कोठले व त्यांनी काय केले, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

त्यांचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. इ. स. १८२२ च्या सुमारास गोव्यातील पेडणे भागात मांद्रे या खेड्यात त्यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताचीच होती. पोरगा बुद्धिबळात मोठा तरबेज. त्याची हुशारी पाहून एका इंग्रज गृहस्थाने वडिलांना सल्ला दिला की, याला इंग्रजी शिकवा. अशा रीतीने खेड्यातला मुलगा मुंबईच्या एल्फिन्स्टन विद्यालयात दाखल झाला आणि पुढे त्याच ठिकाणी शिक्षक झाला. कच्छ व काठेवाड प्रांतांत मुली जन्मताच मारून टाकण्याची दुष्ट चाल होती. तिच्यावर त्यांनी लिहिलेल्या निबंधास बक्षीस मिळाले व तो १८४७ साली छापला गेला.

शिक्षकाची नोकरी म्हणजे त्या काळी प्रतिष्ठेची जागा. तरीही १८४५ साली मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू होताच हे गुरुजी पुन्हा विद्यार्थी होऊन बाकावर बसले. प्रेत फाडून शरीर शिकणे हे त्या काळच्या समाजाला मानवणारे नव्हते. तरी त्यांनी अभ्यास तडीस नेला. १८५१ साली तेथून जे पहिले आठ पदवीधर बाहेर पडले, त्यांत भाऊ दाजी होते.

डॉक्टर झाल्यावर त्यांची कीर्ती लवकरच सर्वदूर पसरली. धनिकांच्या घरून बोलावणी येत. पण गरिबांसाठी बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासह त्यांनी धर्मार्थ दवाखानाही चालविला. इंग्रजी वैद्यक शिकले म्हणून त्यांनी आपल्या वैद्यांची विद्या टाकाऊ मानली नाही. जुने संस्कृत ग्रंथ वाचावेत, वनस्पती गोळा कराव्यात, त्यांचा गुण रोग्यावर तपासून पाहावा, अशी त्यांची रीत होती. महारोग्यांना त्या काळी कोणी दारात उभे करीत नसे. अशा रोग्यांवर त्यांनी कडू कवठीच्या बियांच्या तेलाचा उपचार केला. त्या कामाचे पुरते टिपण जगापुढे येण्याआधीच त्यांचे निधन झाले. तथापि त्याच जातीच्या झाडांचे तेल पुढे कित्येक वर्षे जगभर या रोगावर वापरात होते. आज महारोग औषधाने पूर्ण बरा होतो व ते औषध सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते, हेही या ठिकाणी नमूद करणे आवश्यक आहे.

त्यांच्या सचोटीची खरी परीक्षा १८६२ साली झाली. करसनदास मुळजी या सुधारकाने एका धर्मपीठाच्या महाराजांच्या दुर्वर्तनाविरुद्ध वर्तमानपत्रात लिहिले. महाराजांनी त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. महाराजांचे भक्त लक्षाधीश व्यापारी; त्यांच्याविरुद्ध बोलणे म्हणजे आपल्या व्यवसायावर धोंडा पाडून घेणे. परंतु भाऊ दाजींनी न्यायालयात उभे राहून डॉक्टर या नात्याने जे ठाऊक होते ते शपथेवर सांगितले. करसनदासांची बाजू खरी ठरली. देवाच्या नावाने अधर्म चालू नये, हाच धर्म होय, हे त्यांनी आपल्या कृतीने दाखविले.

शिकविण्याची आवड त्यांनी कधीही सोडली नाही. विद्यार्थ्यांच्या ज्ञानप्रसारक मंडळीचे ते अध्यक्ष होते व या मंडळीने मुलींच्या शाळा काढल्या. त्यांपैकी एका शाळेस त्यांचेच नाव देण्यात आले. १८५२ साली नाना शंकरशेट आदींनी स्थापन केलेल्या बाँबे असोसिएशनचे ते एक चिटणीस होते. १८६९ व १८७१ अशी दोन वेळा ते मुंबईचे शेरीफ झाले. मधल्या काळात, १८६५ च्या शेअर बाजाराच्या पडझडीत, त्यांची बरीच संपत्ती बुडाली. तरी दवाखाना व विद्याव्यासंग चालूच राहिला.

आपल्या भागाशी त्यांचा एक ऋणानुबंध आहे. जुने शिलालेख व ताम्रपट वाचून देशाचा इतिहास लावण्याचा त्यांना ध्यास होता. अजिंठ्याच्या लेण्यांतील लेख त्यांनी वाचले. जुनागढच्या भगवानलाल इंद्रजी या तरुणास त्यांनी हाताशी धरले, पदरच्या पैशाने गावोगाव पाठवून लेखांचे ठसे आणविले व त्याला विद्वान केले. ३१ मे १८७४ रोजी भाऊ दाजी निवर्तले तेव्हा हा शिष्य गुरूच्याच कामासाठी नेपाळात होता. त्याच भगवानलालांनी पुढे नाणेघाटातील लेखांवरून प्राचीन अंकांचा उलगडा केला आणि जुन्नरच्या लेण्यांतील लेखांचे वाचन १८८१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांतील दगड जे बोलू लागले, त्यामागे या गुरूची पुण्याई आहे.

ज्या वस्तुसंग्रहालयासाठी भाऊ दाजींनी कष्ट घेतले, ते आजच्या इमारतीत १८७२ साली लोकांस खुले झाले आणि १९७५ साली त्यास त्यांचे नाव देण्यात आले. पुढे त्या वास्तूस जीर्णावस्था आली. तेव्हा ती पाडून नवी न बांधता मूळ नक्षी, लाकूड व रंग शोधून काढून तिचा जीर्णोद्धार करण्यात आला. २००५ साली त्यास युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

गावच्या मंदिराचे काम करतानाही हाच धडा ध्यानी धरण्यासारखा आहे. जुनी वीरगळ, भंगलेली मूर्ती, अक्षरे कोरलेला दगड हे अडगळ म्हणून ओढ्यात टाकू नयेत, पायात गाडू नयेत, त्यांवर ऑइल पेंट वा सिमेंट फासू नये. आवारात एका बाजूस ती नीट मांडून ठेवावीत. त्यांवर काय लिहिले आहे ते वाचणारा उद्या याच गावच्या शाळेतून निघेल.

देणगीदारांच्या दातृत्वाने व ग्रामस्थांच्या श्रमदानाने हे देवकार्य सिद्धीस जावो आणि गावात असे वैद्य व असे गुरुजी निर्माण होवोत, हीच श्रीचरणी प्रार्थना.