शिशाच्या पट्टीने दिलेला निकाल : कार्ल अँडरसन

भौतिकीच्या पाठ्यपुस्तकात पॉझिट्रॉनचा शोध एका ओळीत आटोपतो. त्या ओळीमागे एक अवाढव्य विद्युत्-चुंबक, शेकडो छायाचित्रे आणि गुरुशिष्यांमधील एक प्रामाणिक मतभेद आहे.

कार्ल डेव्हिड अँडरसन यांचा जन्म ३ सप्टेंबर १९०५ रोजी न्यूयॉर्क येथे, स्वीडनहून आलेल्या कुटुंबात झाला. बालपण लॉस अँजेलिसमध्ये गेले. पॅसाडेना येथील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९३० साली त्यांनी पीएच.डी. मिळविली आणि गुरू रॉबर्ट मिलिकन यांच्या सूचनेवरून विश्वकिरणांचा अभ्यास हाती घेतला.

विद्युत्भारित कण चुंबकीय क्षेत्रात वळतो. वळण किती यावरून त्याचा संवेग कळतो आणि कोणत्या बाजूस यावरून भार धन की ऋण ते कळते. परंतु विश्वकिरणांतील कण इतके वेगवान, की साध्या चुंबकाला ते दाद देत नाहीत. म्हणून अँडरसन यांनी पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या नळ्यांची वेटोळी वापरून सुमारे २४,००० गौसपर्यंत क्षेत्र देणारा चुंबक उभारला. त्याला ४२५ किलोवॅट वीज लागे. ती संस्थेच्या वैमानिकी प्रयोगशाळेतील जनित्राकडून घ्यावी लागली. चुंबकाच्या मध्यभागी क्लाउड चेंबर होते. त्यातील बाष्पात कणाची वाट थेंबांच्या रेघेने उमटे व तिचे छायाचित्र घेतले जाई.

छायाचित्रांत रेघा दोन्ही बाजूंना वळलेल्या दिसल्या. मिलिकन यांच्या मते धनभारित कण म्हणजे प्रोटॉनच, कारण दुसरा धन कण तेव्हा ठाऊकच नव्हता. अँडरसन यांना ते पटेना. मंद प्रोटॉनची रेघ जाड उमटली असती. या रेघा इलेक्ट्रॉनसारख्या बारीक होत्या. मग हे खालून वर जाणारे इलेक्ट्रॉन तर नसतील? पण विश्वकिरण येतात वरून!

वादाचा निकाल प्रयोगानेच लागणार होता. अँडरसन यांनी चेंबरमध्ये ६ मिलिमीटर जाडीची शिशाची पट्टी बसविली. पट्टी भेदताना कणाची ऊर्जा घटते, म्हणून बाहेर पडल्यावर तो अधिक वळतो. अर्थात दिशा कळते. २ ऑगस्ट १९३२ रोजी मिळालेल्या छायाचित्रातला कण खरोखरच खालून वर गेला होता, पण तो धनभारित होता! प्रोटॉन शिशापलीकडे इतका दूर जाऊच शकला नसता. गुरूचा प्रोटॉन नव्हे आणि शिष्याचा इलेक्ट्रॉनही नव्हे. तो होता धन इलेक्ट्रॉन. डिरॅक यांच्या सिद्धांताने अशा प्रतिकणाचे भाकीत केले होते. पण अँडरसन त्या भाकिताचा माग काढीत निघाले नव्हते.

१९३६ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, व्हिक्टर हेस यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सेथ नेडरमायर यांच्या सहकार्याने त्यांनी म्यूऑनचाही शोध लावला. ११ जानेवारी १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

२०११ साली आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर एएमएस-०२ हा कणशोधक बसविण्यात आला. त्यासाठी अतिसंवाहक चुंबक बनवून तपासलाही होता. पण त्यातील हेलियम काही वर्षांतच संपला असता. म्हणून सुमारे १,५०० गौसचा, वीज न लागणारा कायम चुंबक निवडण्यात आला. त्याचे ठोकळे असे रचले आहेत, की बाहेर क्षेत्र जवळजवळ उरत नाही. एरवी पृथ्वीच्या क्षेत्रात तो होकायंत्राच्या सुईसारखा वळू पाहिला असता. चुंबक बदलला, जागा बदलली. कणाला विचारायचा प्रश्न मात्र अँडरसन यांचाच राहिला : तू कोणत्या दिशेने आलास आणि कोणत्या बाजूस वळलास?