स्पिटफायरची शेपटी



संक्रांतीला मी पतंग केला. तो नुसता गोल गोल फिरायचा अन् खाली यायचा. आजीने जुन्या लुगड्याची चिंधी दिली. ती शेपटी बांधली तसा पतंग सरळ वर गेला. मग मी त्याहून मोठा पतंग केला, तर त्याला तीच शेपटी पुरेना! असे का होते, ते मी गुरुजींना विचारले. तेव्हा त्यांनी मला मिचेल साहेबांची गोष्ट सांगितली.

रेजिनाल्ड मिचेल यांचा जन्म २० मे १८९५ रोजी इंग्लंडात झाला. वडील शाळामास्तर होते. सोळाव्या वर्षी मिचेल रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात उमेदवारीला लागले. दिवसा काम करायचे आणि रात्रीच्या वर्गात गणित शिकायचे. १९१७ साली ते विमानाच्या कारखान्यात गेले. त्यांच्या शर्यतीच्या विमानाने १९३१ साली ताशी ६५० किलोमीटरच्या वर वेग गाठला.

१९३३ साली त्यांना आतड्याचा कर्करोग झाला. मोठे ऑपरेशन झाले. तरी ते घरी बसून राहिले नाहीत. ५ मार्च १९३६ रोजी त्यांचे स्पिटफायर हे लढाऊ विमान पहिल्यांदा उडाले. पण ११ जून १९३७ रोजी, अवघ्या ४२ व्या वर्षी, ते वारले. दुसरे महायुद्ध सुरू झाले १९३९ साली. आपले विमान लढताना त्यांनी पाहिलेच नाही.

पुढचे काम त्यांचे सहकारी जोसेफ स्मिथ यांनी हाती घेतले. पहिल्या स्पिटफायरची शेपटी लहान होती, तिचे सुकाणू वरून गोल होते. इंजिनाची ताकद तेव्हा हजार घोड्यांच्या आसपास होती. पुढे इंजिने लांब अन् जड झाली, तसे विमानाचे नाक आजूबाजूला वळू पाहू लागले. म्हणून मार्क ८ ला रुंद व टोकदार सुकाणू बसवले. तिचे शेपटीचे चाकही उडताना आत जाई. मार्क १४ च्या इंजिनाची ताकद दोन हजार घोड्यांच्या वर गेली, पंख्याला पाच पाती आली. तेव्हा शेपटीचा उभा भाग आणि सुकाणू दोन्ही मोठे करावे लागले. शेवटच्या मार्क २४ ची शेपटी तर सगळ्यांत मोठी!

ही विमाने आपल्या लोकांनीही चालवली. १९४५ साली ब्रह्मदेशाच्या लढाईत हिंदी हवाई दलाच्या ८ नंबरच्या तुकडीकडे मार्क ८ होती. १९४६ साली ४ नंबरची तुकडी मार्क १४ घेऊन जपानला गेली. आपण सहलीला ज्यांचा जयविलास राजवाडा पाहतो, ते जव्हारचे राजे यशवंतराव मुकणेही महायुद्धात हवाई दलात होते. हे ऐकून मला फार नवल वाटले.

घरी येऊन मी मोठ्या पतंगाला दुप्पट लांब शेपटी बांधली. पतंग डुलत डुलत वर गेला. मला मिचेल साहेबांची आठवण आली. त्यांचे काम अर्धे राहिले होते, पण मागच्यांनी ते टाकून दिले नाही. गरज पडली तिथे बदलले आणि पुढे नेले. मित्रांनो, आपणही कुणाचे चांगले काम अर्धे राहिले तर ते पुरे करू या.