हर्ट्झ यांच्या लहरी

पावसाळी ढगांत दांडीचा समुद्र उपग्रहाच्या साध्या कॅमेऱ्याला दिसत नाही. रडार उपग्रहाला दिसतो. तो रेडिओलहरी सोडून परतणाऱ्या लहरी टिपतो. चित्रात शांत पाणी काळे, खवळलेले उजळ.

या लहरी प्रयोगाने सिद्ध केल्या १८५७ साली हॅम्बुर्गमध्ये जन्मलेल्या हाइन्रिश हर्ट्झ यांनी. १८८८ मध्ये कार्ल्सरूहेत त्यांनी जस्ताच्या पत्र्यावरून त्या परतवल्या. रडारचे मूळ तेच. त्यांना स्वतःला मात्र त्यात व्यावहारिक उपयोग दिसला नव्हता!

१८९२ पासून नाक-घशाच्या दुखण्याने ते बेजार झाले. शस्त्रक्रियांनीही गुण आला नाही. १ जानेवारी १८९४ रोजी, अवघ्या ३६ व्या वर्षी, बॉनमध्ये ते वारले. तो रक्तवाहिन्यांच्या दाहाचा दुर्मीळ आजार असावा, असे आज मानतात. त्यावरची स्टेरॉइड औषधे तेव्हा नव्हती.