विश्लेषण : चाकाच्या ३६० फेऱ्या म्हणजे एक मैल! विल्यम क्लेटनने हजार मैलांची वाट कशी मोजली?

वाटेत मैलाचे दगड नाहीत आणि बैलांना पुढचे पाणी किती अंतरावर मिळेल, याची खात्री नाही. १८४७ मध्ये अमेरिकेच्या पश्चिमेकडे निघालेल्या मॉर्मन पंथीयांच्या पहिल्या तांड्याची ही अवस्था होती. त्यातल्या एका हिशेबनिसाने मग थेट गाडीचे चाकच मोजायला घेतले.

कोण होता क्लेटन?

विल्यम क्लेटनचा जन्म १७ जुलै १८१४ रोजी इंग्लंडमधील लँकेशायरमध्ये, पेनवर्थम येथे झाला. १८४० मध्ये तो अमेरिकेला गेला आणि पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथचा कारकून झाला. १८४४ मध्ये जमावाने स्मिथची हत्या केली. दोन वर्षांनी पंथीयांना इलिनॉयमधील नावू शहर सोडावे लागले. एप्रिल १८४७ मध्ये ब्रिगहॅम यंगच्या नेतृत्वाखाली १४८ जण मिसुरी नदीकाठच्या ‘विंटर क्वार्टर्स’ तळावरून निघाले. क्लेटन रोजच्या नोंदी ठेवत होता.

फेऱ्यांवरून मैल कसे काढले?

दिवसभरात किती अंतर कापले, हे तांड्यात अंदाजानेच ठरे. दमलेल्या माणसाला वाट लांबच वाटते! हे आकडे फुगलेले आहेत, असे क्लेटनला वाटत होते. चाकाला यंत्र बसवण्याचे त्याने अनेकदा सुचवले होते. अखेर ८ मे रोजी त्याने एका गाडीच्या मागच्या चाकाचा परीघ मोजला. तो भरला १४ फूट ८ इंच, म्हणजे १७६ इंच.

चाक न घसरता एक फेरी पूर्ण करते, तेव्हा गाडी बरोबर परिघाएवढी पुढे जाते. मैलात ६३,३६० इंच असतात. त्याला १७६ ने भागले की उत्तर येते ३६०, बाकी शून्य. (व्यास हवा असेल तर शाळेतला २२/७ वापरा, ५६ इंच येतो. क्लेटनला त्याची गरज पडली नाही, कारण त्याने परीघच मोजला होता.)

त्या दिवशी तो चाकाशेजारी चालत फेऱ्या मोजत राहिला. भरल्या ४,०७०, म्हणजे सव्वाअकरा मैल आणि वर २० फेऱ्या. सोबतचे लोक मात्र १३-१४ मैल सांगत होते.

मापात इंचाची चूक झाली असती तर? मैलामागे ३६० इंच, म्हणजे ३० फूट. हजार मैलांत जवळपास पावणेसहा मैल.

यंत्र कुणाचे?

रोज चार हजार फेऱ्या मोजणे कुणालाही झेपणारे नव्हते. तांड्यातील गणितज्ञ ऑर्सन प्रॅटने आराखडा दिला : चाकाच्या सहा फेऱ्यांत स्क्रूची एक फेरी आणि त्या स्क्रूवर फिरणारे ६० दात्यांचे चक्र. सहा गुणिले ६० म्हणजे ३६०, म्हणून हे चक्र मैलाला एकदा फिरे. सुतार ॲपलटन हार्मनने ते लाकडात घडवले. पुढे हार्मन श्रेय स्वतःकडे घेऊ लागल्याची नाराजी क्लेटनने रोजनिशीत नोंदवली. अशी यंत्रे रोमन काळापासून ज्ञात होती, त्यामुळे ‘ओडोमीटरचा जनक’ हा किताब तिघांपैकी कुणालाच देता येणार नाही.

जुलैमध्ये तांडा सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचला. परतताना नवे यंत्र लावून क्लेटनने वाट पुन्हा मोजली. १८४८ मध्ये सेंट लुईस येथे त्याची मार्गदर्शक पुस्तिका छापली गेली. ओढे, चढ, तळाच्या जागा आणि त्यांच्यातली अंतरे त्यात क्रमाने दिली होती. विंटर क्वार्टर्सपासून सॉल्ट लेकपर्यंतचे अंतर होते १,०३१ मैल. मागून येणाऱ्या कुटुंबांना आता पुढचे पाणी किती मैलांवर आहे, हे निघण्याआधीच कळू लागले. क्लेटन ४ डिसेंबर १८७९ रोजी सॉल्ट लेक सिटीत वारला.